विभाजक जालाच्या सूत्रातील आठ ओहम

घरी बांधलेल्या ध्वनिक्षेपकाच्या पेटीत बहुधा दोन घटक असतात : नीच स्वरांसाठी मोठ्या शंकूचा वूफर आणि उच्च स्वरांसाठी लहान पडद्याचा ट्वीटर. वर्धकाकडून येणारा संकेत या दोहोंत विभागून देणाऱ्या मंडलास क्रॉसओव्हर अथवा विभाजक जाल म्हणतात. त्याची सूत्रे कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडतात. तरीही त्यांबरहुकूम बांधलेली जाले पुष्कळदा अपेक्षाभंग करतात. याचे कारण सूत्रात नसून सूत्राने गृहीत धरलेल्या भारात आहे.

समजा, विभाजन २५०० हर्ट्‌झला करावयाचे आहे आणि उतार सप्तकास १२ डेसिबेल हवा आहे. लिंकविट्झ-रायली पद्धतीने ८ ओहम भार धरल्यास वूफरच्या शाखेत १.०२ मिलिहेन्रीचे वेटोळे व ३.९८ मायक्रोफॅरडचे धारित्र येते. परंतु वूफरच्या पाठीवर छापलेले ‘८ ओहम’ हे केवळ नाममात्र असतात. त्याच्या ध्वनिवेटोळ्याचा रोध ६ ओहम व प्रवर्तन ०.६ मिलिहेन्री असेल, तर २५०० हर्ट्‌झला संरोध सुमारे ११.२ ओहम भरतो, आणि कंप्रतेबरोबर तो वाढतच जातो. अशा भारावर जालाचा उतार आराखड्याप्रमाणे पडत नाही.

यावर जुना व स्वस्त उपाय म्हणजे झोबेल मंडल. ६ ओहमचा रोधक व १६.७ मायक्रोफॅरडचे धारित्र एकसरीत जोडून ती जोडी वूफरला समांतर लावावी. धारित्राचे हे मूल्य प्रवर्तनास रोधाच्या वर्गाने भागून मिळते. आता जालास जवळजवळ शुद्ध ६ ओहम दिसतात आणि मूल्येही बदलतात : ०.७६ मिलिहेन्री व ५.३ मायक्रोफॅरड. अर्थात ध्रुवलोहातील भोवरी प्रवाहांमुळे खऱ्या वेटोळ्याचे प्रवर्तन कंप्रतेनुसार घटत असल्याने हे आकडे आरंभबिंदूच समजावेत.

दुसरी अडचण कलेची आहे, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते तीच अधिक उपेक्षित राहते. वरील जालात विभाजन कंप्रतेस दोन्ही शाखा प्रत्येकी ६ डेसिबेल खाली व परस्परांशी १८०° कलाभेदात असतात. म्हणून ट्वीटरची जोडणी उलटी करावी लागते. तसे केल्यास बेरीज सपाट येते. (त्याच उताराच्या बटरवर्थ जालात मात्र ३ डेसिबेलचा उंचवटा उरतो.) परंतु ही बेरीज विद्युत् संकेतांची झाली, श्रोत्याच्या कानी पडते ती ध्वनीची. घटक एकाच बिंदूत नसल्याने काय घडते, याचे विवेचन सिगफ्रीड लिंकविट्झ यांनी १९७६ साली केले. २५०० हर्ट्‌झला हवेतील तरंगलांबी सुमारे १३.८ सेंटिमीटर असते. वूफरचे ध्वनिकेंद्र ट्वीटरहून अवघे २.५ सेंटिमीटर मागे असले, तरी सुमारे ६५° कलाभेद पडतो. शिवाय प्रत्येक घटकाचा स्वतःचा नैसर्गिक उतार जालाच्या उतारात मिसळतो तो निराळाच.

तेव्हा घटक पेटीत बसवूनच मापन करावे. ध्वनिग्राहक व संगणक आज विद्यार्थ्यांच्या आवाक्यात आहेत. परीक्षा सोपी आहे : ट्वीटरच्या तारा मुद्दाम अदलाबदल करून श्रोत्याच्या जागी प्रतिसाद पाहावा. विभाजन कंप्रतेस खोल व सममित खाच उमटली, तर मूळ जोडणीत दोन्ही घटकांची कला जुळली आहे. खाच उथळ असेल किंवा एका बाजूस सरकली असेल, तर प्रथम धारित्राचे मूल्य थोडथोडे बदलून पुन्हा मापन करावे. वेटोळ्याचे फेरे सोडण्याची घाई करू नये.