प्रश्नाची घडण आणि न्यायासनाचे उत्तर : पोर्ट व्हिला येथील विधी-विद्यार्थ्यांची कामगिरी

विद्यार्थ्यांच्या यशाचा गौरव करताना आपण बहुधा पदके, श्रेणी आणि ढाली यांची मोजदाद करतो. प्रशांत महासागरातील वानुआटू या द्वीपराष्ट्रात विधीच्या पदवी-अभ्यासक्रमातील 27 विद्यार्थ्यांनी संपादन केलेले यश या मोजमापात बसणारे नाही. वर्गात उपस्थित झालेला एक प्रश्न त्यांनी हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयापर्यंत पोहोचविला. या कामगिरीचे मोल जाणण्यासाठी त्या प्रश्नाच्या भाषिक घडणीकडे पाहणे उपयुक्त ठरेल.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. दक्षिण प्रशांत विद्यापीठाचा विधी-विभाग वानुआटूची राजधानी पोर्ट व्हिला येथे आहे. 2015 च्या मार्च महिन्यात ‘पाम’ या चक्रीवादळाने याच देशाची दाणादाण उडविली होती. 2019 मध्ये आंतरराष्ट्रीय पर्यावरणविधीच्या अध्ययनातून या विद्यार्थ्यांनी असा विचार मांडला की, हवामानबदलाबाबत राष्ट्रांवर असलेल्या बंधनांविषयी आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे मत मागावे. त्यांनी प्रशांत द्वीपराष्ट्रांच्या शासनकर्त्यांना पत्रे लिहिली आणि एक संघटना स्थापिली. 2021 मध्ये वानुआटूच्या शासनाने हे कार्य आपले म्हणून अंगीकारले. 29 मार्च 2023 रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने तसा ठराव एकमताने संमत केला. 132 राष्ट्रे त्याची सहपुरस्कर्ती होती.

विद्यार्थ्यांनी निवडलेला मार्गही विचारपूर्वक निवडलेला होता. या न्यायालयात एका राष्ट्राने दुसऱ्यावर वाद आणावयाचा तर प्रतिपक्षाची संमती आवश्यक असते. सल्लामताला अशी संमती लागत नाही. आमसभा कोणताही विधिविषयक प्रश्न विचारू शकते. अर्थात, तो प्रश्न कसा विचारावा याला मग असाधारण महत्त्व येते.

येथे मराठीतील दोन प्रश्नप्रकारांची तुलना करू. ‘हवामानाच्या रक्षणाचे कर्तव्य राष्ट्रांवर आहे काय?’ हा पहिला प्रकार. यात संपूर्ण विधानच शंकेच्या कक्षेत येते आणि उत्तर ‘होय’ वा ‘नाही’ या दोन टोकांकडे ओढले जाते. ‘हवामानाच्या रक्षणाबाबत राष्ट्रांची कर्तव्ये कोणती?’ हा दुसरा. यात कर्तव्ये आहेत हे गृहीत धरलेले असून केवळ त्यांचे स्वरूप विचारलेले आहे. ‘कोणतीच नाहीत’ असे उत्तर देता येते. परंतु तसे देणाऱ्याला प्रश्नातील गृहीतच प्रथम खोडून काढावे लागते. आमसभेचा प्रश्न या दुसऱ्या जातीचा होता. त्याच्या उत्तरार्धात, कृतीने वा अकृतीने लक्षणीय हानी घडविणाऱ्या राष्ट्रांच्या बाबतीत विधिपरिणाम कोणते, असेही विचारले होते.

अण्वस्त्रांची धमकी वा त्यांचा वापर आंतरराष्ट्रीय विधीनुसार कोणत्याही परिस्थितीत अनुज्ञेय आहे काय, असा प्रश्न आमसभेने 1994 मध्ये याच न्यायालयास केला होता. 1996 मधील उत्तराच्या कळीच्या भागावर न्यायाधीशांची मते 7 विरुद्ध 7 अशी विभागली गेली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने तो भाग संमत झाला. अशा अस्त्रांचा वापर सर्वसाधारणतः विधिविरुद्ध ठरेल. परंतु राष्ट्राचे अस्तित्वच धोक्यात आले असता स्वसंरक्षणार्थ केलेल्या वापराविषयी निश्चित निष्कर्ष काढता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. या अनिर्णयाचे सारे कारण व्याकरणात शोधणे चुकीचे होईल. विषयच तसा होता. तथापि ‘होय-नाही’ स्वरूपाच्या प्रश्नाने न्यायासनास किती अडचणीच्या जागी उभे केले, हे त्यावरून ध्यानात येते.

23 जुलै 2025 रोजी हवामानविषयक मत मात्र एकमताने दिले गेले. राष्ट्रांची बंधने केवळ हवामान-करारांपुरती मर्यादित नसून रूढ आंतरराष्ट्रीय विधीतूनही उद्भवतात. त्यांचा भंग हे विधिविरुद्ध कृत्य होय. आणि आवश्यक त्या अटी पूर्ण झाल्यास पूर्ण भरपाईचे दायित्वही येऊ शकते, असे त्यात प्रतिपादिले आहे.

श्रेयाची वाटणी येथे काटेकोरपणे करावयास हवी. प्रश्नाचे अंतिम शब्द विद्यार्थ्यांचे नव्हेत. वानुआटूच्या पुढाकाराने एकत्र आलेल्या राष्ट्रगटाने आणि विधिज्ञांनी ते घडविले. मतही बंधनकारक नाही. समुद्र त्याने मागे हटणार नाही. परंतु हा प्रश्न विचारता येतो आणि तो याच न्यायासनापुढे विचारला पाहिजे, हे ओळखण्याचे श्रेय निःसंशय त्या 27 जणांचे आहे. त्यांच्यापैकीच सॉलोमन द्वीपांच्या सिंथिया होउनिउही यांनी डिसेंबर 2024 मध्ये न्यायालयापुढे प्रत्यक्ष निवेदन केले.

आपल्या विभागांतील स्वाध्याय बहुधा गुणपत्रकापाशी संपतात. पोर्ट व्हिला येथील वर्गात मांडलेला विचार तेथे थांबला नाही, कारण तो मांडणाऱ्यांच्या दृष्टीने त्याच्या उत्तरावर त्यांची भूमी अवलंबून होती. आपल्या विद्यार्थ्यांच्या उत्तरांना आपण गुण देतो. त्यांनी विचारलेल्या प्रश्नांचीही तितक्याच साक्षेपाने परीक्षा करण्याची सवय अध्यापकांनी लावून घ्यावी, एवढा बोध या उदाहरणातून अवश्य घेता येईल.