गंधकाची तीन सोंगं

राजा म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे मुकुट, महाल आणि रेशमी झगा येतो ना? हा राजा मात्र डोंगरावर राहतो आणि बिबट्याचं कातडं पांघरतो. त्याचे दरबारीही तसेच! हा गयूमर्स, इराणी कथांमधला पहिलावहिला राजा. फिर्दौसी या कवीने १०१० च्या सुमारास पुरं केलेल्या ‘शाहनामा’ या महाकाव्यात राजांच्या गोष्टी याच्यापासूनच सुरू होतात. याच्यापुढे म्हणे सिंहसुद्धा शहाण्यासारखा बसायचा.

पुढे पाचशे वर्षांनी तब्रीझ शहरात इराणचा राजा शाह तहमास्प याच्यासाठी या काव्याची एक जंगी पोथी तयार झाली. चित्रं किती? २५८! त्यातलं गयूमर्सच्या दरबाराचं पान सुलतान मुहम्मद या चित्रकाराने रंगवलं. ते आज कॅनडात, टोरांटोच्या आगाखान संग्रहालयात आहे. या चित्राचा फोटो मोठा करून त्यातले निळे-जांभळे खडक नीट बघा. अरेच्चा, कपारींतून चेहरे डोकावतायत! माणसांचे, प्राण्यांचे. एक सापडला की दुसरा शोधल्याशिवाय राहवत नाही.

आता रंगांची गंमत. अशा पोथ्यांमधला झळझळीत निळा रंग लाजवर्द नावाच्या दगडाचा. तो अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून यायचा. दगड कुटायचा, धुवायचा, निळा कण तेवढा वेगळा काढायचा. भारी चिकाटीचं काम. तो निळा दिसतो कशामुळे? त्यातल्या गंधकामुळे. लाल रंग हिंगुळाचा, आणि हिंगूळ म्हणजे पारा अधिक गंधक. म्हणजे इथेही तोच!

तिसरं सोंग मात्र खोडसाळ. ओढे-नद्या चमकाव्यात म्हणून चित्रकार चांदीचा वर्ख डिंकात खलून पाणी रंगवायचे. हवेत गंधकाची संयुगं अगदी थोडी असतात, पण ती हळूहळू चांदीला भिडली आणि तिचं काळं सिल्व्हर सल्फाइड झालं. तुमच्या घरातले पैंजण काळे पडतात ना, अगदी तसंच. पैंजण घासून लख्ख करता येतात, चित्र कसं घासणार? सोनं मात्र गंधकाला दाद देत नाही. म्हणून गयूमर्सच्या डोक्यावरचं सोनेरी आकाश अजून झगझगतंय.

आपल्याकडच्या जुन्या लघुचित्रांतही पाण्यासाठी चांदी वापरलेली आढळते. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात गेलात आणि एखाद्या चित्रातलं तळं काळपट दिसलं, तर चित्रकाराला नावं ठेवू नका. आधी गंधकावर संशय घ्या!