वाट चुकायला वाव हवा

फेब्रुवारी २०१४ मध्ये लंडनच्या भुयारी रेल्वेचे कर्मचारी दोन दिवस संपावर गेले. २७० पैकी १७१ स्थानकं बंद राहिली. काही मार्गांवर गाड्या चालू होत्या, त्यामुळे कामावर जाणं टळलं नाही. पण रोज ठरलेल्या स्थानकात चढून ठरलेल्या स्थानकात उतरणाऱ्या असंख्य प्रवाशांना दुसरी वाट शोधावी लागली. संप मिटल्यावर सगळे निमूटपणे जुन्या मार्गाला लागतील असं कुणालाही वाटलं असतं. तसं झालं नाही.

शॉन लार्कम, फर्डिनांड राउख आणि टिम विलेम्स या अर्थशास्त्रज्ञांनी प्रवासी कार्डांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा साधारण ५ टक्के प्रवासी संपानंतरही नव्याच मार्गाने जात असल्याचं दिसलं. म्हणजे इतके दिवस ते ज्या वाटेने जात होते, ती त्यांच्यासाठी सर्वांत सोयीची नव्हतीच. नाइलाज झाला म्हणून ते कळलं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात संशोधकांनी हिशेबही मांडला: संपामुळे वाया गेलेला वेळ एका बाजूला, नव्या वाटांमुळे पुढे रोज वाचणारा वेळ दुसऱ्या बाजूला. पारडं दुसऱ्या बाजूला झुकलं.

रोज जाणाऱ्या माणसाला आपली वाट लांबची आहे हे कळू नये, याचं एक कारण नकाशात आहे. लंडनच्या भुयारी रेल्वेचा नकाशा जगभर गाजलेला आहे. हॅरी बेक या आरेखकाने तो १९३१ मध्ये काढला आणि १९३३ मध्ये तो प्रवाशांच्या हाती पडला. बेकने जमिनीवरची अंतरं बाजूला ठेवली. रेषा फक्त आडव्या, उभ्या किंवा ४५ अंशांत तिरप्या. शहराचा गजबजलेला मध्यभाग फुगवलेला, उपनगरं आक्रसलेली. कुठे चढायचं, कुठे गाडी बदलायची, हे एका नजरेत कळतं. पण जमिनीवर काय आहे ते कळत नाही. लेस्टर स्क्वेअर आणि कॉव्हेंट गार्डन ही शेजारची स्थानकं नकाशावर इतर कुठल्याही दोन स्थानकांइतकीच दूर दिसतात. प्रत्यक्षात त्यांच्यात जेमतेम २६० मीटर अंतर आहे. जिने उतरून गाडीची वाट पाहण्यापेक्षा माणूस चालत लवकर पोहोचेल. संपाच्या अभ्यासातही हेच दिसलं: ज्या भागात नकाशाने अंतरं जास्त वाकवली होती, तिथल्या प्रवाशांना सक्तीच्या भटकंतीतून जास्त शिकायला मिळालं.

बेकचा नकाशा वाईट आहे असं मला मुळीच म्हणायचं नाही. विसाव्या शतकातल्या उत्तम आरेखनांत त्याची गणना होते आणि ती योग्यच आहे. पण जी रचना माणसाला कधी अडखळूच देत नाही, तिच्या आधाराने तो पोहोचतो आणि परिसर मात्र अनोळखीच राहतो. हे का होतं, याचं उत्तर गेल्या शंभर वर्षांत मेंदूच्या अभ्यासकांनी थोडं थोडं करून शोधलं आहे.

सुरुवात उंदरांपासून झाली. १९३० मध्ये कॅलिफोर्नियात बर्कली इथे एडवर्ड टोलमन आणि चार्ल्स हॉन्झिक यांनी उंदरांच्या तीन गटांना एकाच चक्रव्यूहात सोडलं. पहिल्या गटाला शेवटी रोज खाऊ मिळे. दुसऱ्याला कधीच मिळाला नाही. तिसऱ्या गटाचे उंदीर दहा दिवस नुसते फिरले. अकराव्या दिवशी त्यांना पहिल्यांदा खाऊ मिळाला. त्या काळच्या समजुतीप्रमाणे बक्षिसाशिवाय शिकणं होतच नाही, म्हणजे या गटाने तिथून पुढे पहिल्यापासून सुरुवात करायला हवी होती. पण दुसऱ्याच दिवशी त्यांच्या चुका एकदम घटल्या आणि ते पहिल्या गटाच्या बरोबरीला आले. दहा दिवसांची ती निरुद्देश भटकंती फुकट गेली नव्हती. तेवढ्यात चक्रव्यूह त्यांच्या डोक्यात उतरला होता. टोलमनने पुढे १९४८ मध्ये त्याला मनातला नकाशा म्हटलं.

हा नकाशा मेंदूत नेमका कुठे असतो? १९७१ मध्ये युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये जॉन ओकीफ यांना उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये विलक्षण पेशी सापडल्या. हिप्पोकॅम्पस हा कानशिलांच्या आत खोलवर असलेला, आठवणी साठवण्यात गुंतलेला भाग. उंदीर पिंजऱ्याच्या एका विशिष्ट कोपऱ्यात आला की त्यातली एक पेशी चेतायची, तो पुढे सरकला की दुसरी. या झाल्या स्थानपेशी. २००५ मध्ये नॉर्वेत मे-ब्रिट आणि एडवर्ड मोझर यांच्या गटाला हिप्पोकॅम्पसच्या शेजारच्या भागात, जमिनीवर षटकोनी जाळं आखल्यागत ठरावीक अंतरांवर चेतणाऱ्या पेशी मिळाल्या. या तिघांना २०१४ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं.

मला मात्र याहून भिडतो तो एक छोटा प्रयोग. वाट फुटते तिथे उंदीर थबकतो, एकदा डावीकडे बघतो, एकदा उजवीकडे. बाहेरून तो गोंधळलेला दिसतो. २००७ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅडम जॉन्सन आणि डेव्हिड रेडिश यांनी नेमक्या त्या क्षणी स्थानपेशींच्या नोंदी घेतल्या. उंदीर जागचा हललाही नव्हता, तरी त्याच्या मेंदूत पुढच्या जागांच्या पेशी ओळीने चेतत होत्या: आधी एका वाटेच्या, मग दुसऱ्या वाटेच्या. गोंधळ दिसत होता तिथे तो दोन्ही वाटा मनाने चालून बघत होता. वाट चुकण्याची शक्यता असते तिथेच हे घडतं. एकच वाट असेल तर थबकायचं कारण नाही.

माणसाच्या मेंदूतही फाटा आला की कामाला जोर येतो का, हे ह्यूगो स्पायर्स यांच्या गटाने लंडनच्या सोहो भागात तपासलं. चोवीस जणांना तिथल्या गल्ल्या फिरवून दाखवल्या, मग एमआरआय यंत्रात झोपवून त्याच रस्त्यांच्या चित्रफिती दाखवल्या. काही फेऱ्यांत वाट त्यांनी ठरवायची, काहींत यंत्राने सांगायचं: डावीकडे वळा, उजवीकडे वळा. स्वतः वाट ठरवताना नव्या रस्त्यावर पाऊल पडलं की हिप्पोकॅम्पसची हालचाल वाढे, आणि पुढे जितके फाटे जास्त तितकी ती जास्त. कॉव्हेंट गार्डनजवळ सेव्हन डायल्स नावाचा चौक आहे, तिथे सात रस्ते एकत्र येतात. अशा ठिकाणी मेंदूला भरपूर काम. पण सूचना ऐकत चालताना यातलं काहीच दिसलं नाही. रस्ते तेच, माणसंही तीच. फाटे मात्र मेंदूने मोजलेच नाहीत.

याच शहरात टॅक्सीचालकांची एक जुनी परीक्षा आहे. तिला ‘नॉलेज’ म्हणतात. चेअरिंग क्रॉसपासून सहा मैलांच्या परिघातले सुमारे २५,००० रस्ते तोंडपाठ हवेत. उमेदवार तीन-चार वर्षं स्कूटरवर गल्लीबोळ पिंजून काढतात. चुकतात, परत फिरतात, पुन्हा जातात. एलिनॉर मग्वायर यांनी २००० मध्ये दाखवलं की या चालकांच्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांहून मोठा असतो. २००६ मध्ये त्यांनी बसचालकांशी तुलना केली. वाहतूक तीच, ताण तोच. पण बसचा मार्ग ठरलेला. बसचालकांत ही वाढ नव्हती. मग २०११ मध्ये ७९ उमेदवारांचा परीक्षेआधी आणि नंतर अभ्यास झाला. ३९ जण उत्तीर्ण झाले आणि वाढ त्यांच्यातच आढळली. म्हणजे मोठा हिप्पोकॅम्पस घेऊन ते या धंद्यात आले नव्हते. शहर शिकता शिकता तो वाढला.

आपण फोनवरच्या बाईचा आवाज ऐकत गाडी चालवतो, तेव्हा त्या बसचालकासारखे असतो. फोनमुळे मेंदू खराब होतो असं म्हणणं घाईचं ठरेल. २०२० मध्ये माँट्रियलच्या दोन संशोधकांना, ज्यांनी जीपीएस जास्त वापरलं त्यांची जागांची आठवण तीन वर्षांत जास्त घसरलेली दिसली. पण त्यात दुसऱ्यांदा तपासलेले लोक अवघे तेरा होते. जे पक्कं आहे ते एवढंच, की न वापरलेला मनातला नकाशा कोरा राहतो.

वाट चुकणं सगळीकडे हिताचं नसतं. कोकणात रात्री फिरून फिरून त्याच जागी येणाऱ्याला चकवा लागला म्हणतात, आणि ती भीती निराधार नाही. २००९ मध्ये यान साउमन यांच्या गटाने जर्मनीतल्या बीनवाल्ड जंगलात आणि ट्युनिशियातल्या सहारात माणसांना सरळ चालायला सांगितलं. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर ते बऱ्यापैकी सरळ गेले. आभाळ भरून आलं की जंगलातली माणसं गोल फिरू लागली, आणि आपण स्वतःचीच वाट ओलांडतो आहोत याचा त्यांना पत्ताही नव्हता. सरळ म्हणजे कुठे, या अंदाजातली बारीकशी चूक पावलागणिक साचत जाते. ती पुसायला बाहेरची एखादी खूण लागते. अशा चुकण्यातून मेंदू काही शिकत नाही. रुग्णालयात अपघात विभाग शोधणाऱ्याला किंवा आगीत जिना शोधणाऱ्याला तर एकही फाटा नको, फक्त बाण हवा.

नगररचनाकार केविन लिंच यांनी १९६० मध्येच हा फरक ओळखला होता. बोस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिसच्या रहिवाशांना त्यांनी आपापल्या शहराचे नकाशे काढायला लावले. त्यांचं म्हणणं असं, की शहरात चक्रावून टाकणाऱ्या जागा जरूर असाव्यात, पण त्यातून बाहेर पडता येण्याची खात्री हवी आणि शहराचा मूळ आकार मनातून सुटता कामा नये.

या दोन्ही अटी पाळणारी एक रचना लंडनमध्येच उभी राहिली. २००७ मध्ये बाँड स्ट्रीट परिसरात ‘लेजिबल लंडन’ नावाचे फलक लागले आणि पुढे शहरभर पसरले. माणूस ज्या दिशेला तोंड करून उभा आहे, ती दिशा फलकावरच्या नकाशात वर असते. ओळखीच्या इमारती उठून दिसतात. भोवती वर्तुळ काढलेलं असतं: पाच मिनिटं चाललात तर इथवर जाल. कुठे जा हे तो फलक सांगत नाही. भोवती काय काय आहे ते दाखवतो आणि वाट तुमच्यावर सोडतो. चुकलात तरी पुढच्या कोपऱ्यावर दुसरा फलक आहेच. मुंबई, पुणे, नागपूरला आता मेट्रो धावते आहे. स्थानकाबाहेर पडणाऱ्याला बाणांसोबत असा परिसराचा नकाशा मिळावा, हा आग्रह आपण धरायला हवा.

त्याहून मोठी काळजी मुलांची आहे. दिशा हरवणं हे अल्झायमरच्या सुरुवातीच्या लक्षणांपैकी एक. ते लवकर ओळखता यावं म्हणून २०१६ मध्ये ‘सी हीरो क्वेस्ट’ हा होडी हाकण्याचा खेळ फोनवर आला. त्यातून ३८ देशांतल्या सुमारे चार लाख लोकांची माहिती तपासून २०२२ मध्ये निष्कर्ष निघाला, की शहराबाहेर वाढलेले लोक मोठेपणी वाट शोधण्यात सरस ठरतात. शिकागोसारख्या काटकोनी रस्त्यांच्या शहरात वाढलेल्यांना वेड्यावाकड्या वाटा जड जातात. लहानपणी किती फाटे भेटले, याचा परिणाम इतका टिकतो. इंग्लंडमध्ये १९७१ साली सात-आठ वर्षांची ८० टक्के मुलं मोठ्यांशिवाय शाळेत जात. १९९० मध्ये ती ९ टक्क्यांवर आली. आपल्याकडे शाळेची व्हॅन दारात थांबते, त्या मुलाला शाळेची वाट विचारून पाहा.

वाहनांची गर्दी पाहता सातव्या वर्षी मुलाला एकटं सोडा असं मी म्हणणार नाही. पण सुट्टीच्या दिवशी बाजारातून घरी येताना त्याला पुढे चालू द्या, तुम्ही चार पावलं मागे राहा. वळण चुकलं तरी लगेच हाक मारू नका. तो थबकून डावी-उजवीकडे बघेल, तेव्हा घाई करू नका आणि खिशातला फोन बाहेर काढू नका.