मंडपातले चेहरे आणि चौदा मिनिटं

जानेवारी 2019 मध्ये यवतमाळला 92 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा मी कॅमेऱ्यात ब्लॅक अँड व्हाइट रोल घालून मंडपात फिरत होतो. आवडता लेखक दिसला की वाचक वही पुढे करत, सही घेत आणि शेजारी उभं राहून फोटो काढून घेत. फोनवर हे क्षणात उरकतं. रोलचं निम्मं काम घरी आल्यावर सुरू होतं.

मंडपातला उजेड फसवा असतो. व्यासपीठावर झगझगीत दिवे आणि पांढरेशुभ्र सदरे, चार रांगा मागे अंधार. म्हणून 400 आयएसओचा एचपी 5 रोल मी 1600 चा समजून वापरला. त्याची भरपाई डेव्हलपरमध्ये करावी लागते. आयडी-11 या डेव्हलपरमध्ये 20 अंशांना नेहमी साडेसात मिनिटं पुरतात, अशा रोलला चौदा लागतात. पण वेळ वाढवली की फायदा होतो तो मुख्यतः उजळ भागाचा. सावलीत जिथे प्रकाश पोचलाच नाही, तिथे रसायनाला काही उमटवता येत नाही. त्यात डेव्हलपिंगची टाकी जोरात हलवली तर सदरे निगेटिव्हवर ठार काळे होतात. म्हणून मिनिटाला एकदा, हळूच उलटीसुलटी करायची.

यवतमाळात हे काम हिवाळ्यातच करावं. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी हात पोळेल इतकं तापतं, मग बाटल्या बर्फाच्या परातीत ठेवून तापमान सांभाळत बसावं लागतं.

पाण्याची दुसरीही एक गोष्ट आहे. 2018 च्या उन्हाळ्यात शहराने जी टंचाई सोसली, तिच्यानंतर नळाखाली अर्धा तास रोल धूत बसणं मनाला पटेना. हायपो, म्हणजे चित्र पक्कं करणारं रसायन, निघाला नाही तर निगेटिव्ह काही वर्षांत पिवळी पडते, तेव्हा धुण्यात कसर करून चालत नाही. साध्या, फिल्म कडक न करणाऱ्या हायपोसाठी फिल्म बनवणाऱ्या इल्फोर्डने सांगितलेली एक पद्धत आहे: डेव्हलपिंगची टाकी भरून पाच वेळा उलटायची, पाणी ओतायचं, मग नव्या पाण्यात दहा वेळा आणि शेवटी वीस वेळा. तीन टाक्या पाण्यात रोल स्वच्छ होतो. आमच्या बोअरच्या पाण्यात क्षार फार, वाळल्यावर पांढरे डाग उरतात. म्हणून शेवटची विसळणी बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड वॉटरने.

मग कॉपी काढायची. माझं सगळं लक्ष एका फ्रेमवर होतं, उद्घाटनाच्या. लेखिका नयनतारा सहगल यांचं निमंत्रण रद्द झाल्यावर संमेलनाचं उद्घाटन केलं ते कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांनी, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नीने. एन्लार्जरखाली चाचणीची पहिली पट्टी काढली, तर मागचे दिवे नीट आले होते आणि चेहरा बुडाला होता. तारेला पुठ्ठ्याची टिकली लावून चेहऱ्यावरचा प्रकाश काही सेकंद अडवला, की तो उघडतो. पण जरा जास्त अडवलं की तो गोरा होतो. लग्नाच्या अल्बमांनी आपल्याला याची सवय लावली आहे. मला ती मान्य नाही. उन्हात राबलेल्या कातडीचा जो रंग आहे तोच कागदावर उतरला पाहिजे, नाहीतर तो फोटो त्या बाईंचा राहत नाही. मऊ ग्रेडचा फिल्टर लावला, दिव्यांच्या बाजूला हाताच्या ओंजळीतून जादा प्रकाश दिला, आणि ट्रेमध्ये कपाळ, डोळे, साडीचा काठ वेगवेगळे दिसू लागले. अध्यक्ष अरुणा ढेरे यांच्या कॉपीला एवढी खटपट लागली नाही, त्यांच्यावर उजेड सरळ पडत होता.

वाचकांच्या कॉप्या पोस्टकार्ड साइजमध्ये काढून ज्याच्या त्याला पाठवल्या. मागे पेन्सिलीने गाव आणि साल लिहिलं, शाई कागदातून पुढे येते म्हणून. यवतमाळात याआधी 1973 मध्ये ग. दि. माडगूळकरांच्या अध्यक्षतेखाली संमेलन झालं होतं. तेव्हाची एखादी निगेटिव्ह कुणाच्या ट्रंकेत असेल तर ती ओल्या फडक्याने पुसू नका. बुरशी लागली असेल तर पाण्याने इमल्शनच सुटून येतं. तशीच कोरडी, कडांना धरून, डार्करूम असलेल्या माणसाकडे न्या. हायपो नीट धुतलेला असला तर तिच्यावरून आजही चांगली कॉपी निघते.