राखलेला उजेड

कोल्हापूरच्या मुलाने ग्रीक देवाचे चित्र का म्हणून काढावे? अंबाबाईच्या देवळाच्या भिंतींवर शिल्पे काय थोडी आहेत? तुमचा प्रश्न रास्त आहे.

मुंबईचे जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ साली निघाले. ग्रीक-रोमन पुतळ्यांच्या प्लॅस्टरच्या प्रतिकृती पुढ्यात ठेवून चित्र काढणे, हा तिथल्या शिक्षणाचा पाया होता. आपले आबालाल रहिमान तिथेच शिकले. कोल्हापुरात जन्मलेले म. वि. धुरंधर १८९० साली तिथे दाखल झाले. ‘ही तर साहेबाची नक्कल!’ असे तुम्ही म्हणाल. पण जरा थांबा.

पुतळा हलत नाही, थकत नाही आणि त्याला रंगही एकच. उरतात फक्त उजेड आणि सावली. तैलरंगात उजेडासाठी पांढरा रंग लावता येतो. जलरंगात उजेड म्हणजे कोरा कागद. पुतळ्याच्या खांद्यावरचा उजेड रंगवायचा नसतो, राखायचा असतो. आधी पातळ रंगाचा एक हात द्यायचा. तो वाळला की सावलीवर दुसरा, मग तिसरा. घाई केलीत की रंग गढूळ झालाच म्हणून समजा! एकदा झाकलेला उजेड सहसा परत मिळत नाही. शिवाय सावली नुसती काळी नसते, हेही इथेच कळते. तिच्यात आभाळाची निळसर छटा असते, शेजारच्या भिंतीची तांबूसही असते.

आता आबालालांची कोटितीर्थाची चित्रे आठवून पाहा. त्यांत ग्रीक असे काहीच नाही. आहे ते आपलेच पाणी आणि आपलेच ऊन. पुतळ्यापुढे बसून मिळवायची ती ही नजर. देव कुठला, हा प्रश्न मग गौण ठरतो.

आणि ग्रीक देव आपल्याला तसा परका तरी कुठे आहे? पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४०च्या दशकात पोसायडन या ग्रीक सागरदेवाची छोटी कांस्यमूर्ती सापडली. रोमन काळातल्या व्यापाराची ती खूण. आज ती टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात आहे. एकदा जाऊन तिच्यापुढे शांतपणे उभे राहा. कांसे काळपट, त्यामुळे त्यावर उजेड थोडाच. त्यातला कुठला राखायचा, ते मनाशी ठरवा.

मग वही-रंग घेऊन खुशाल अंबाबाईच्या देवळातल्या शिल्पांपुढे बसा. तीच शिल्पे तुम्हांला नव्याने दिसतील.