पोफळीची नवी वाडी आणि बियाण्याची निवड

रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीवर नारळ-सुपारीच्या वाड्या हा अनेक कुटुंबांच्या चरितार्थाचा आधार आहे. श्रीवर्धनची ‘रोठा’ सुपारी तर बाजारात गावाच्या नावानेच ओळखली जाते. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगर परिसरात किनाऱ्यावर आदळले. ताशी ११० ते १२० किलोमीटर वेगाच्या वाऱ्यापुढे वर्षानुवर्षे जोपासलेल्या पोफळी काही तासांत आडव्या झाल्या.

पोफळीच्या शेंड्याला एकच कोंब असतो. तो मोडला की झाड मरते. आंब्याप्रमाणे तिचे कलम बांधता येत नाही, की केळीप्रमाणे बुंध्यापासून नवी रोपे मिळत नाहीत. बागायतदाराला बियांपासूनच नवी वाडी उभारावी लागते. शिवाय पोफळीत परपरागीभवन होत असल्यामुळे सर्व रोपे सारखी निपजत नाहीत. चुकीची निवड लक्षात येते ती पीक सुरू झाल्यावर, म्हणजे सहा-सात वर्षांनी. म्हणूनच बियाण्याची निवड हे या कामातील सर्वांत महत्त्वाचे पाऊल होय.

मातृवृक्ष व बियाणे

मातृवृक्ष मध्यम वयाचा, निरोगी, भरपूर पानांचा व दरवर्षी सातत्याने फळणारा असावा. त्याच्या खोडावरील पेरी आखूड असावीत. बियाण्यासाठी पूर्ण पिकलेली, ३५ ग्रॅमपेक्षा अधिक वजनाची फळे घ्यावीत. ती पाण्यात टाकली असता जी देठाची बाजू वर ठेवून उभी तरंगतात, त्यांपासून जोमदार रोपे मिळतात. आडवी तरंगणारी फळे बाजूला काढावीत.

रोपवाटिका

फळे न सोलता व न वाळवता, काढल्यानंतर लगेच सावलीतील वाळूच्या वाफ्यात लावावीत. दोन फळांत सुमारे ५ सेंटिमीटर अंतर ठेवावे, देठ वरच्या बाजूस असावा आणि फळ वाळूने जेमतेम झाकावे. वाफ्यास नियमित पाणी द्यावे. साधारण दीड ते तीन महिन्यांत अंकुर दिसू लागतात. दोन-तीन पाने आल्यावर रोपे माती, शेणखत व वाळू यांच्या मिश्रणाने भरलेल्या पिशव्यांत हलवावीत.

बारा ते अठरा महिन्यांची, किमान पाच पानांची, बुटकी व जाड बुंध्याची रोपे लागवडीस योग्य असतात. उंच, किरकोळ रोपे निर्दयपणे काढून टाकावीत. निवडीची ही दुसरी व अखेरची संधी असते.

लागवड

दोन्ही बाजूंनी २.७ मीटर अंतर ठेवल्यास हेक्टरी सुमारे १,३७० झाडे बसतात. पाण्याचा निचरा चांगला असावा. कोवळ्या रोपांना दुपारनंतरच्या पश्चिमेकडील उन्हाचा चटका सोसत नाही, म्हणून प्रारंभी केळीची सावली उपयुक्त ठरते.

लागवडीनंतर पाच ते सात वर्षांनी पीक सुरू होते. म्हणजे २०२० च्या वादळानंतर लगेच रुजवलेल्या बियांचे पहिले उत्पन्नही २०२७ च्या सुमारासच हाती येते. इतका काळ थांबायचे असताना हाती येईल ते रोप लावणे परवडणारे नाही. वादळातून वाचलेली, उत्तम फळणारी झाडे ही अशा वेळी गावाची बीजपेढीच ठरतात. ग्रामपंचायतींनी बागायतदारांच्या साहाय्याने अशा झाडांवर खुणा करून त्यांची नोंद ठेवावी. शाळांनी आवारात लहानशी रोपवाटिका चालविल्यास पुढच्या पिढीलाही ही निवड शिकता येईल. पुढील वादळ केव्हा येईल हे कोणाच्या हाती नाही. चांगले रोप तयार ठेवणे मात्र गावाच्या हाती आहे.