पवनचक्क्या आणि शिकारी पक्षी

मजुरी न घेतां शेतकऱ्याचें काम करणाऱ्या मित्रांत घार, कापशी, शिक्रा, गरुड व घुबड यांची गणना अवश्य केली पाहिजे. उभ्या पिकांत व खळ्यावर उंदीर जी नासाडी करितात, ती वाचक बंधूंस सांगावयास नको. कापशी शेतावर एकाच जागीं पंख फडफडवीत राहते आणि उंदीर दिसतांच झडप घालते. अशा पक्ष्यांस आतां पवनचक्क्यांपासून धोका उत्पन्न झाला आहे.

पवनचक्कीस कोळसा लागत नाहीं व तिचा धूर होत नाहीं. तेव्हां ती हवी, याविषयीं वाद नाहीं. परंतु पठाराच्या कड्यावरून चढणारा जो वारा चक्कीस लागतो, तोच गरुड-गिधाडांस तरंगण्यास लागतो. भक्ष्य शोधतांना पक्ष्याची नजर खालीं असते, त्यामुळें समोरील पातें त्यास दिसत नाहीं. आणि दुरून संथ भासणाऱ्या पात्याचें टोंक ताशीं २०० किलोमीटरांहून अधिक वेगानें फिरत असतें. गरुड वर्षाकाठीं एक-दोनच पिलें वाढवितो. म्हणून थोड्या मृत्यूंनींही त्याचा वंश खालावतो.

अमेरिकेंतील वायोमिंग राज्यांत दोन ठिकाणच्या चक्क्यांनीं १४ सोनेरी गरुड मेल्याबद्दल २०१३ सालीं कंपनीस १० लक्ष डॉलर भरावे लागले. पुढें त्यांपैकीं एके ठिकाणीं खांबांवर कॅमेरे बसविले. सुमारें एक किलोमीटरवर पक्षी दिसला, कीं गणकयंत्र त्याचा आकार व उडण्याची रीत ताडून तो गरुड आहे कीं नाहीं हें ठरवितें, वेग व दिशा मोजतें, आणि टक्कर संभवत असल्यास तेवढीच चक्की थांबवितें. पक्षी दूर गेला, कीं ती पुनः चालूं होते. २०२१ सालच्या शोधनिबंधांत या योगें गरुडांचे मृत्यू ८२ टक्क्यांनीं घटल्याचें अनुमान होतें. परंतु २०२३ सालीं दुसऱ्या अभ्यासकांनीं तेच आकडे तपासून त्यास आधार अपुरा ठरविला. तेव्हां हें यंत्र म्हणजे रामबाण उपाय समजूं नये. अंधारांत साध्या कॅमेऱ्यास दिसत नाहीं, म्हणून घुबडास त्याचा लाभही नाहीं.

स्पेन देशांत तारिफा येथें माणसें नेमून हेंच काम केलें. गिधाड धोक्याच्या जागीं येतांच पहारेकरी चक्की बंद करवीत. २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाप्रमाणें गिधाडांचे मृत्यू निम्म्यानें घटले, आणि विजेचें नुकसान वर्षाकाठीं अवघें ०.०७ टक्के झालें. म्हणजे चक्की थोडा वेळ थांबविल्यानें कोणी बुडत नाहीं.

आपल्याकडील दाखला सातारा जिल्ह्यांतील चाळकेवाडी पठाराचा आहे. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत, चक्क्या असलेल्या भागांत शिकारी पक्षी सुमारें चौपटीनें कमी आढळले व त्यांचें भक्ष्य असलेले सरडे वाढलेले आढळले. ती मोजणी उंदरांची नव्हती; तरी शिकारी हटला म्हणजे भक्ष्य माजतें, हा बोध शेतकऱ्यानें घेण्यासारखा आहे. शिवाय जो पक्षी भिऊन ती जागाच सोडतो, त्यास कोणतेंही यंत्र परत आणीत नाहीं. यास्तव जागेची निवड हाच पहिला उपाय होय.

ज्या बंधूंची जमीन चक्कीसाठीं मागितली जाईल, त्यांनीं भाड्याच्या रकमेबरोबर आणखी कांहीं कलमें करारनाम्यांत घालून घ्यावीं. उभारणीपूर्वीं सर्व ऋतूंत पक्ष्यांची मोजणी व्हावी. धोक्याच्या वेळीं चक्की थांबविण्याची तजवीज, कॅमेऱ्यानें वा पहारेकऱ्यानें, असावी. आणि मेलेल्या पक्ष्यांची नोंद त्रयस्थ माणसानें ठेवून ती गांवास दाखवावी. आपल्याकडूनही मेलेलें जनावर चक्क्यांजवळ टाकूं नये, कारण त्यावर गिधाडें व घारी जमतात. सही झाल्यावर कलम वाढविणें कठीण जातें. म्हणून हा विचार आधींच करावा, हें उत्तम.